पांढरी क्रेन

मैत्रेयीने उकडीच्या पारीला शेवटची कळी पाडली, मोदकाचं तोंड मिटलं आणि मनगटाने कपाळ पुसलं. सिंगापूरला बेडोकमधल्या नंदाच्या फ्लॅटचं ते स्वयंपाकघर वाफेने भरून गेलं होतं.

“नंदा, पडदा तरी वर कर गं. गुदमरायला होतंय.”

“नको, ऊन येतं,” नंदा मोदकपात्राचं झाकण उगाचच उचलत म्हणाली.

ऊन कसलं, आभाळ भरून आलं होतं. एरवी ही बाई आल्यागेल्याला हात धरून खिडकीतला समुद्र दाखवायची.

बाहेर आरतीला माणसं जमत होती, बहुतेक अश्विनच्या जहाज कंपनीतली. नंदाचा नवरा अश्विन जहाजांवर माणसं नेमायचा. आपल्या कॉलेजातल्या मित्राला, मैत्रेयीच्या नवऱ्याला, अमेयला, केळ्यांच्या जहाजावर चीफ ऑफिसर म्हणून त्यानेच पाठवलं होतं. मे महिन्यात इक्वेडोरच्या ग्वायाकिल बंदरात त्या जहाजावर केळ्यांच्या खोक्यांत कोकेन सापडलं. पूर्वी याच गावात अमेय संध्याकाळी एकटा भटकायचा, आईस्क्रीम खातानाचे फोटो पाठवायचा. आता तिथे रस्त्यात गोळ्या चालत होत्या, आणि तो ज्या तुरुंगात होता तिथेही टोळ्यांचंच राज्य होतं.

“जहाज जप्त आहे, सगळ्यांनाच धरलंय,” अश्विनने सांगितलं होतं. “सुटतील तेव्हा सगळे एकदम सुटतील. तोवर कुठे बोलू नका वहिनी, केस बिघडेल.”

मैत्रेयीने तोंड शिवून घेतलं. पुण्याहून सासूबाई फोनवर विचारत, तेव्हा ती जहाजावर रेंज नसल्याचं सांगे.

तिने स्वतःच पडदा थोडा वर ओढला. समुद्रात नेहमीसारखी जहाजं नांगरलेली होती. त्यातल्या एकावर तीन पिवळ्या क्रेन होत्या आणि एक पांढरी. गेल्या वर्षी ती अमेयबरोबर त्याच केळ्यांच्या जहाजावर राहिली होती, तेव्हा एक क्रेन मोडली म्हणून नवी बसवली होती. पिवळा रंग संपला म्हणून पांढराच दिला. लग्नात एकच पाहुणा फेटा न बांधता उभा राहिलाय, असं अमेय म्हणाला होता.

नंदा पाठमोरी झाली.

अश्विन सोवळं सावरत नैवेद्याचं ताट न्यायला आला.

“भावजी, तिकडचं काही कळलं?”

“कालच बोललो. जहाज अजून तिथेच आहे. धीर धरा, बाप्पा बघतोय.”

“मग कॅप्टनला जेवायला बोलवायचं की. एवढ्या जवळ आलाय.”

अश्विनने खिडकीकडे पाहिलं. ताट ओट्यावर ठेवलं.

“जहाज सोडवायचं होतं, वहिनी. कुणातरी एकाचं नाव द्यावं लागणार होतं.”

“अमेयने केलंय?”

“नाही.”

“मग नाव कुणी दिलं?”

त्याने ताटातला मोदक सरळ केला. तो तसाही सरळच होता. ज्याच्या शब्दावर मैत्रेयी इतके महिने गप्प बसली, त्याला तिचं गप्प बसणंच हवं होतं.

“आज नको,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “लोक आलेत.”

बाहेर कुणीतरी टाळ वाजवून पाहिले. मैत्रेयीने हात धुतले, पडदा थेट वरपर्यंत नेला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

“आरती जरा थांबू दे,” ती मोठ्याने म्हणाली. “सगळे इकडे या. अमेयचं जहाज आलंय, दाखवते.”

नंदाने गॅस बंद केला.