सुलाबाईचा शेवट

"माझ्या मेलेल्या बायकोला तुम्ही उठवून बसवलंत, साहेब. कोणाला विचारून?"

फोनवर संपादक हसले. "कथेबद्दल बोलताय होय? अहो, जुना सावळीराम परत आला म्हणतात वाचक."

सावळीराम इंदिरानगरच्या विहाराबाहेर उभा होता. आत सुलाबाईच्या पहिल्या स्मृतिदिनाला जमलेली माणसं खीर खात होती.

सातपूरला लेथ चालवता चालवता तो लिहायला लागला. शिकवलं कोणी नाही. दिवाळी अंकवाल्यांनी एवढंच बजावलं, शेवटी धक्का द्या. त्याने आयुष्यभर दिले. खुनी आंधळा निघाला, भिकारी जमीनदार निघाला. त्याच्या वस्तीतली माणसं मात्र त्या कथांत कधी शिरली नाहीत. त्यांच्या जगण्यात कसली आलीय कलाटणी? जे होणार म्हणून दिसत असतं, तेच होतं.

सुलाबाई तांदूळ निवडत त्याच्या कथा ऐकायची. म्हणायची, "तुमचं माणूस कधी साधं मरतच नाय का हो?"

ती तापाने गेली तेव्हा त्याने ते जसंच्या तसं लिहिलं. दवाखान्यात तिने चहा मागितला. तो खाली जाऊन घेऊन आला. तिने प्यायला नाही. कथा तिथेच संपत होती.

छापलेली स्वतःची कथा तो कधी वाचत नसे. शेवट त्याला ठाऊकच असायचा. आलेला अंक त्याने आज तसाच पुतणीच्या, मनालीच्या हातात दिला. वंदना झाल्यावर ती जमलेल्यांना वाचून दाखवू लागली. शेवटच्या ओळींवर अडखळली, पण वाचून गेली: चादर हलली, आणि एका हाताने कप धरला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सवयच ती. "वा, काका," मागून कोणी म्हणालं, "शेवटी फिरवलंच."

सुलाबाईची धाकटी बहीण नवसाबाई निफाडहून आली होती. ती उठून त्याच्याजवळ आली. "दाजी, मी पोचले तव्हा तिला तिरडीवर बांधून ठेवलेलं. मला कुणी काय सांगितलंच नाय. उठली व्हती का ती?"

"नाही गं. ते मी लिहिलेलं नाही."

"तुमचंच तर नाव हाय म्हणती पोरगी त्याच्यावर."

जन्मभर खोटे शेवट विकलेल्या माणसाचा खरा शेवट कोण मानणार? तो बाहेर आला आणि त्याने संपादकांना फोन लावला.

"असं करू," संपादक आता जपून बोलत होते, "पुढच्या अंकात खुलासा छापू."

"माझ्या मेव्हणीला वाचता येत नाही."

"मग काय करायचं म्हणता?"

सावळीराम आत गेला. नवसाबाई भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यातल्या खिरीवर साय धरली होती. तो तिच्याजवळ खाली बसला.

"ही सुलाची बहीण. फोन हिच्या कानाला लावतोय. शेवट तुम्ही लिहिलात, तर तुम्हीच सांगा. सुला उठली होती का नव्हती?"

त्याने फोन नवसाबाईच्या कानाला लावला.

"बोला साहेब. ती ऐकतेय."