वेळेवर बंद न पडलेला एसएमपीएस

मित्रांनो, मी एक जुना एसएमपीएस आहे. नाव ऐकून तुम्ही तोंड वाकडं केलंत तरी मला नवल वाटणार नाही. कॉम्प्युटर म्हटलं की तुम्हाला पडदा आठवतो, कीबोर्ड आठवतो, माऊस तर आठवतोच. पण कॅबिनेटच्या मागे जिथे जाड काळी वायर खोचतात, तिथे आत पत्र्याचा एक डबा असतो. भिंतीतून येणारी वीज घ्यायची, ती कमी करायची आणि ज्याला जेवढी सोसेल तेवढीच त्याला वाढायची, हे त्या डब्याचं काम. तो डबा म्हणजे मी. घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारं एक माणूस असतं ना, तसाच. फरक एवढाच की ती माणसं मनानं मोठी असतात. माझा स्वभाव मात्र पहिल्यापासून जळका आहे.

दिल्लीकडच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. अंगावर साडेचारशे वॅटचं लेबल डकवून मला खोक्यात घातलं. आतला माल तेवढ्याचा नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मोठं म्हणवून घ्यायला कोणाला आवडत नाही? २००६ साली लातूरच्या मन्मथअप्पांच्या दुकानातून, एका कॉम्प्युटरच्या पोटात बसून, मी लुंबिनीताईच्या घरी आलो.

घरात दोघंच होते. लुंबिनीताई आणि तिचे वडील लिंबाजी गुरुजी. गुरुजी निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक होते. त्र्याण्णवच्या भूकंपात भिंतीतलं कपाट त्यांच्या खांद्यावर कोसळलं. जीव वाचला, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना. तेव्हापासून त्यांचे दोन नियम होते. जड वस्तू गुडघ्याच्या वर ठेवायची नाही आणि मोकळी वस्तू बांधल्याशिवाय सोडायची नाही. घरात सिलिंडरला साखळी होती, पाण्याच्या पिंपाला दोरी होती, भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा सुतळी होती. आमचं कॅबिनेटही त्यांनी जमिनीवर ठेवलं आणि खिडकीच्या गजाला बांधलं. त्यामुळे केर काढला की निम्मी धूळ माझ्या पंख्यातून माझ्या पोटात जायची.

ते दिवस लातूरला क्लासेसचे होते. गल्लीगल्लीत पाट्या लागल्या होत्या. हदगाव, मुदखेड, कुठून कुठून मुलं यायची, खोली करून राहायची आणि दर रविवारी परीक्षा द्यायची. त्या परीक्षांचे पेपर लुंबिनीताई टाईप करायची. पण तिची खरी कमाल होती ती आकृत्यांमध्ये. कप्पीवरून जाणारी दोरी असो, भिंगातून वाकणारा किरण असो की उतारावरून घसरणारा ठोकळा, ती अशी आकृती काढायची की प्रश्न न वाचताच मुलांना निम्मं उत्तर कळायचं. सात वर्षांत तिनं चार हजार आकृत्या काढल्या. सगळ्या आमच्याच हार्ड डिस्कमध्ये होत्या. त्यांचं आपल्या नावाचं एक पुस्तक काढायचं, हे तिच्या मनात होतं. दुसरीकडे कॉपी काढून ठेवायचं मात्र राहून गेलं होतं.

लोक आकृत्या बघायचे आणि म्हणायचे, "काय स्वच्छ दिसतंय स्क्रीनवर!" झालं, सगळं श्रेय पडद्याला. बुद्धपौर्णिमेला घर आवरलं की पडद्याला ओलं फडकं मिळायचं, त्याला नवं झाकण शिवलं जायचं. दिवसातून चार वेळा वीज जायची. आली की कधी एवढीशी, कधी धबधब्यासारखी यायची. ते सगळे फटके मी माझ्या अंगावर घेतले. पण कधी कोणी विचारलं नाही, बाबा रे, तुझं काय चाललंय? मी आतल्या आत जळत राहिलो.

मग २०१३ साल आलं. अवधूत सर नावाचे एक क्लासवाले होते. त्यांना फिजिक्सच्या धड्याचा व्हिडिओ हवा होता आणि त्यात ताईच्या आकृत्या हलत्या हव्या होत्या. नमुना सोमवारी द्यायचा होता. ताईनं नवा मदरबोर्ड आणला, नवं ग्राफिक्स कार्ड आणलं आणि एक लांबुळका डबा आणला. तो डबा उघडला तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं. आत एसएमपीएस होता. काळाकुळकुळीत, तळहाताएवढा पंखा आणि अंगावर वेटोळी घातलेल्या कितीतरी वायरी.

रविवारी सकाळी ताईनं माझे चार स्क्रू काढले, मला टेबलावर ठेवलं आणि त्या देखण्याला माझ्या जागेवर बसवलं. सात वर्षं ज्या कोपऱ्यात मी तापलो, तिथे तो आरामात टेकला. मला इतका राग आला की सांगता सोय नाही.

ताई एकेक वायर जोडत होती. सगळ्यांत रुंद ती मदरबोर्डला, चपटी ती हार्ड डिस्कला, मग ग्राफिक्स कार्डला. आता प्रोसेसरजवळची चौकोनी वायर तेवढी राहिली होती. एवढ्यात अवधूत सरांचा फोन आला आणि ती बोलत बोलत अंगणात गेली. नव्याच्या पाच-सहा वायरी मोकळ्या लोंबत होत्या. गुरुजींनी त्या बघितल्या. मोकळं काही दिसलं की त्यांच्यानं राहवत नसे. त्यांनी सगळ्या एकत्र केल्या, सुतळीनं आवळल्या आणि मदरबोर्डमागच्या फटीत सारून दिल्या. त्यातच ती चौकोनी वायरही गेली.

ताई परत आली. "बांधून टाकल्या का बाबा?"

"हाव. उगं पंख्यात अडकायच्या."

गुरुजींचं बांधणं तिला इतकं सवयीचं होतं की तिनं पुन्हा बघितलंच नाही. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला. दहा वेळा करून बघितलं तरी काळाच. प्रोसेसरला वीजच जात नव्हती, तर उजेड कुठून पडणार? मला सगळं दिसत होतं. मित्रांनो, खरं सांगतो, इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

"नवाच खराब निघाला वाटतं," ताई रडवेली होऊन म्हणाली. "अप्पांचं दुकान आज बंद हाय. उद्या नमुना कसा द्यायचा?"

"जुना लाव की," गुरुजी म्हणाले. "ह्यो आपल्या घरचा हाय. दगा देत न्हाई."

नवा सुतळीच्या जुडीसकट टेबलावर गेला आणि पुन्हा माझे चार स्क्रू आवळले गेले. माझ्याकडे मोजक्याच वायरी. त्या सगळ्या आपापल्या जागी गेल्या. नव्या कार्डाला लागणारी वायर माझ्याकडे नव्हती, पण कार्डाच्या खोक्यात एक जोडवायर होती. ती माझ्या दोन वायरींना लावून भागवलं. बटण दाबताच पडदा उजळला. ताईनं माझ्या पत्र्यावर थाप मारली. "बघा बाबा, शेवटी जुनाच कामाला आला."

सात वर्षांतलं ते माझं पहिलं कौतुक. ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

दुपारी ताईनं व्हिडिओ तयार करायला लावला. नवं कार्ड वीज मागू लागलं. माझं लेबल साडेचारशेचं, पण ताकद अडीचशेचीसुद्धा नव्हती. त्यात पोटात धुळीची गादी. मी तापलो. आतल्या भागांना फुगवटे आले. आमच्या जातीला एक समज दिलेली असते. झेपत नाही असं कळलं की आपण होऊन बंद पडायचं, म्हणजे बाकीच्यांचा जीव वाचतो. तो क्षण मला स्वच्छ कळला होता. मी तेव्हाच बंद पडलो असतो, तर फार तर एक व्हिडिओ राहिला असता. पण टेबलावर तो काळाकुळकुळीत बसला होता. मी थांबलो की तो माझ्या जागेवर येणार. मी थांबलो नाही.

सगळ्यांना मोजून वाढणारा मी, त्या दुपारी कोणाला काय वाढतोय याचं भान मला राहिलं नाही. एकदम झटका गेला. हार्ड डिस्क दोनदा कटकटली आणि गप्प झाली. मग जळका वास आला. त्यानंतर मी बंद पडलो.

सोमवारी ताई आणि गुरुजी आम्हा सगळ्यांना घेऊन मन्मथअप्पांच्या दुकानात गेले. अप्पांनी नवा एसएमपीएस बसवायला घेतला आणि वायरींची जुडी हातात धरली.

"ताई, ही कुणी बांधली? ह्यातली ही प्रोसेसरची हाय. ही लावल्याबिगर चालूच व्हायचं न्हाई."

"म्या बांधली," गुरुजी म्हणाले.

अप्पांनी सुतळी कापली, वायर लावली आणि कॉम्प्युटर लगेच सुरू झाला. दुकानातल्या दुसऱ्या डिस्कवर, काही कुरकुर न करता. नव्यात काही खोट नव्हती. आमची हार्ड डिस्क मात्र उठली नाही. पुण्याला पाठवून बघितली, तीन आठवड्यांनी तशीच परत आली. अवधूत सरांनी काम दुसऱ्याला दिलं. चार हजार आकृत्या गेल्या.

घरी काही टाकून द्यायचं नाही म्हणून गुरुजींनी मला परत आणलं. आता मी पलंगाखाली असतो. तिथून मला तो नवा दिसतो. थंड, न बोलणारा, माझ्या जागेवर बसलेला. मला अजून त्याचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? आणि ताई दिसते. तिनं पहिल्यापासून आकृत्या काढायला घेतल्या आहेत. गुरुजी जुने छापील पेपर गोळा करून आणतात आणि तिच्याशेजारी बसून एकेक आकृती दाखवतात. मधेच थांबतात आणि म्हणतात, "माझ्यामुळं गेलं बाई तुझं सगळं." ताई म्हणते, "असू द्या बाबा." पण ते काही त्यांच्या मनातून जात नाही. उजव्या हातानं दुखरा खांदा चोळत ते पुढचा पेपर उचलतात.

मित्रांनो, तुमच्या कॅबिनेटमधली धूळ काढा. मोलाचं जे असेल त्याची कॉपी दुसरीकडे ठेवा. डब्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आणि आपल्याला झेपत नाही असं ज्या दिवशी कळेल त्या दिवशी जागा सोडा, मग तिथे कोणीही येवो. एवढं तर कोणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कधी लातूरला गेलात तर लिंबाजी गुरुजींना भेटा आणि त्यांना सांगा, गुरुजी, तुम्ही फक्त वायर बांधली होती. आकृत्या त्या जुन्यानं जाळल्या, आणि जाळताना त्याला कळत होतं.