एक सूत कमी

"झोपली का?" बाबांनी जिन्यावरून विचारलं.

"कुठली झोपतेय! मान वर काढून बसलीय," ताई म्हणाली.

बोलणं खुर्चीबद्दल चाललं होतं. ताईने पाठ पुढे दुमडली की पाठीची गादी बैठकीच्या गादीला अडायची आणि वरचा काठ वीतभर हवेत राहायचा. बिजागरी वर घेतली, तर पाठ छान आडवी व्हायची, पण उभी केल्यावर कंबरेमागे भगदाड पडायचं. हा चौथा नमुना. विमा कचेरीच्या साहेबांना तीस खुर्च्या हव्या होत्या. त्यांची कचेरी म्हणजे एक लांबट खोली. कपाट उघडायचं तर आधी दोघांना उठवावं लागे. काम संपलं की खुर्ची दुमडून अख्खी टेबलाखाली गेली पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. नमुना शुक्रवारी दाखवायचा होता आणि मंगळवार निम्मा सरला होता.

घराखालच्या त्या कारखान्यात ताई बावीस वर्षं राबत होती. कानस धरण्यापासून वेल्डिंगपर्यंत सगळं ती बाबांच्या हाताखाली शिकली. लग्नाचं बघू बघू म्हणता राहून गेलं, आणि पुढे कुणी विषयही काढेनासं झालं. बाबा चूक झाली की बोलायचे. चूक नसली की काहीच बोलायचे नाहीत. त्यांच्या गप्प राहण्यालाच ती शाबासकी समजत आली होती.

वहिनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. दादा बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. वहिनी अठरा वर्षं एका कचेरीत कारकून होती. ती कचेरी दुसऱ्या शहरात गेली आणि हिची नोकरी सुटली. वर एकटीला घर खायला उठतं म्हणून ती दुपारची खाली येऊन बसायची. कामात लुडबुड कधी केली नव्हती.

"ताई, एक विचारू? हसायचं नाही."

"विचार."

"आमच्या कचेरीत एक खिडकी होती. नुसती ढकलली तर हलायची नाही. आधी जरा वर उचलायची, मग ढकलायची. तसं या पाठीचं नाही का करता येणार?"

वहिनीने जुन्या फायलीचा पुठ्ठा घेतला, कात्रीने त्यात एक उभी लांबट चीर पाडली आणि चिरेतून टाचणी घालून दुसऱ्या पुठ्ठ्याला अडकवली. पुठ्ठा वर उचलला आणि पुढे पाडला. तो आडवा झाला, अगदी सपाट. परत उभा करून सोडला तर खाली घसरून आपल्या जागी बसला. कंबरेमागे भगदाडही नाही.

बाबा जिना उतरून आले. त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, तीनदा उचलून पाडला.

"वा!" ते म्हणाले. "वा! काय डोकं आहे पोरीचं!"

ताईचे कान तापले. हातातली कानस तिने उगाच फडक्याने पुसली.

"पुठ्ठ्याचं ठीक आहे, बाबा. लोखंडाला वजन असतं."

"अगं, वजन असतं म्हणूनच आपोआप खाली बसेल ना! खाली एक खोबण ठेव, टोक त्यात उतरलं की पाठ पक्की. कर तर खरं."

पुढचे दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला बाबांनी हाक मारून पुठ्ठा दाखवला. दादाचा फोन आला तेव्हा खालपर्यंत ऐकू येईल इतक्या मोठ्याने ते म्हणाले, "अरे, तुझी बायको तर छुपी रुस्तम निघाली! चार नमुने वाया गेले, हिने पाच मिनिटांत सोडवलं!"

चार नमुने कुणाचे वाया गेले, ते दादाला सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षांत बाबांनी आपल्याबद्दल एकदा तरी दादाला फोनवर काही सांगितलं होतं का, हे ताई लोखंडाची पट्टी कापता कापता आठवत राहिली. काही आठवलं नाही. वरून वहिनीचं हसणं आलं. ते साधंच हसणं होतं, पण ते ऐकू येऊ नये म्हणून ताईने करवत जोरात चालवली.

तिने पट्ट्या केल्या, चिरा पाडल्या. काम इतकं नेटकं झालं की पाठ दोन बोटांनी उचलावी आणि लोण्यासारखी सरकावी. राहिली खोबण. ती तीन सूत खोल हवी होती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढा फरक नुसत्या डोळ्यांना चटकन जाणवतही नाही. दोन सूत झाल्यावर ताईचा हात थांबला. कानस हातातच होती. खोबण उथळ असली की पाठ उचलायला हलकी जाईल, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरं नाही हे तिला ठाऊक होतं. बाबा नेहमीप्रमाणे आधी वाळूची पोती लावून बघतील, पाठ पोत्यांच्या भाराने निसटेल आणि बाबा म्हणतील, कल्पना पोकळ निघाली. एवढंच तिला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने कामात हातचं राखलं.

गुरुवारी दुपारी खुर्ची उभी राहिली. बाबा पोती आणायला मागे वळले, तेवढ्यात वहिनी पुढे झाली.

"पोती कशाला? माझी कल्पना, मीच बसते. पोत्यांपेक्षा मी काही हलकी नाही!"

थांब, असं म्हणायला ताईला वेळ होता. वहिनीने साडी सारखी केली, बसली, पाय हलवून बघितले, बाबांकडे पाहून हसली. एवढा सगळा वेळ होता. ताई बोलली नाही.

वहिनी मागे रेलली. खटकन आवाज झाला, पाठ निसटली आणि ती कोपरावर आदळली. मागच्या टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीचा जबडा तिच्या डोक्यापासून वीतभर राहिला.

बाबा धावले. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी ती म्हणाली, "माझंच चुकलं, बाबा. मला काय कळतंय लोखंडातलं!"

जे ऐकायला ताईने दोन दिवस जीव टाकला होता, ते वाक्य असं आलं. आता ते तिला नको होतं.

कोपराचं हाड पिचलं होतं. दवाखान्यातून हात प्लास्टरमध्ये घालून वहिनी संध्याकाळी परतली. ताई तिच्या खोलीत गेली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "तुझी कल्पना चुकली नव्हती. खोबण मी एक सूत कमी घासली. मुद्दाम."

वहिनीला आधी समजलं नाही. मग समजलं.

"का?"

"बाबा तुला वा म्हणाले म्हणून."

सेहेचाळीस वर्षांच्या बाईच्या तोंडी ते वाक्य किती लहान वाटतं, हे बोलताना ताईलाही कळलं. वहिनी रडली नाही, ओरडलीही नाही.

"मागे ती पकड होती, ताई. ह्यांना काय सांगितलं असतंत तुम्ही?"

"माहीत नाही."

"मी बसत होते तेव्हा थांब म्हणता आलं असतं तुम्हाला."

"हो."

"जा तुम्ही आता. मला बघवत नाही तुमच्याकडे."

बाबांनाही ताईने सांगितलं. ते जेवत होते. ताटातला हात तसाच राहिला. रागावतील, ताट सरकवतील, असं तिला वाटलं होतं. ते बराच वेळ गप्प होते, आणि या वेळी त्या गप्प राहण्याला काय समजावं हे तिला कळेना.

"बावीस वर्षं," ते शेवटी म्हणाले, "तुझ्या हातचा एक तुकडा मी परत मोजून बघितला नाही. बाकी सगळ्यांचे बघितले. माझे स्वतःचे बघितले. तुझा नाही." ते पाणी प्यायले. "आता बघावा लागणार."

शुक्रवारी उजाडताच ताईने खोबण पुरी केली. साहेब आले तेव्हा बाबांची पोती लावून झाली होती, पण कालची हकीकत त्यांनी लपवली नाही, त्यामुळे साहेब खुर्चीपासून दोन हात लांबच उभे राहिले. ताई स्वतः बसली. हात मांडीवर ठेवले आणि अंग पूर्ण मागे सोडलं. पाठ हलली नाही. मग उठून तिने दोन बोटांनी पाठ उचलली, पाडली आणि खुर्ची पायाने टेबलाखाली सारली. टेबलाखाली काहीच नसावं असं दिसू लागलं.

"झकास!" साहेब म्हणाले. "डोकं कुणाचं हे?"

"माझ्या वहिनीचं," ताई म्हणाली.

"कुठे आहेत त्या?"

"वर. बरं नाही तिला."

वहिनी नंतरही खाली आली नाही. ताईशी ती बोलायची, पण भाजीला मीठ आहे का आणि गॅस बंद केला का, इतपतच. तिच्या खोलीतून बाबांचं नि तिचं हसणं कधी ऐकू आलं की ताई अजूनही तशीच करवत जोरात चालवायची. आतलं जळणं काही थांबलं नव्हतं.

तीस खुर्च्यांच्या साठ पट्ट्या झाल्या. एकेक पट्टी घासून झाली की ताई ती बाबांसमोर ठेवी. बाबा चष्मा वर सारून, पट्टी डोळ्यांजवळ नेऊन खोबण मोजत आणि काही न बोलता बाजूला ठेवत. त्यांना नीट दिसत नव्हतं. ताई उठली, तिने टेबलावरचा दिवा त्यांच्या बाजूला सरकवला आणि पुढची पट्टी हातात घेतली.