पत्ता न छापलेलं पान

मी प्रिंटर बोलतोय. रंगाचे ब्रश बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात, पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या स्टुलावर माझा मुक्काम असतो. उमेदीची वर्षं दातांच्या डॉक्टरकडे बिलं छापण्यात गेली. त्यांनी नवा प्रिंटर घेतला आणि मी इथे आलो. आल्या दिवसापासून अंगावर ब्रशचे केस आणि लाकडाचा भुसा. खोकला तेव्हापासूनचा.

कारखाना दादांचा. हिशेब, फोन आणि मेल त्यांची धाकटी बहीण बघते. कारागीर तिला ताई म्हणतात. दादांचा पडद्यावर काडीचा विश्वास नाही. "कागदावर असेल ते खरं," म्हणतात. म्हणून ताईंनी अशी सोय करून घेतली, की आलेला प्रत्येक मेल माझ्यातून आपोआप छापून निघावा. दादा हाताचा डिंक पुसून तो वाचतात आणि मागणी असली तर तेच पान कारागिरांच्या टेबलावर नेऊन ठेवतात. शाई वाचावी म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता वगैरे छापायचा नाही, फक्त मुद्द्याचा मजकूर छापायचा, हेही ताईंनीच ठरवलं. मला बरं वाटलं होतं. कमी काम कोणाला नको असतं?

गेल्या महिन्यात ताई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि ते पान आलं. कर खात्याचं चिन्ह, कारखान्याचा नोंदणी क्रमांक, सगळं जिथल्या तिथे. विवरणात तफावत आहे, संध्याकाळपर्यंत खुलासा न केल्यास बँक खातं गोठवलं जाईल. खाली खुलाशासाठी एका साइटचा लांबलचक पत्ता. नको तेव्हा कागद अडकवण्यात माझा हातखंडा आहे. ते पान मात्र सुळकन बाहेर आलं.

दादांनी उभ्याउभ्याच वाचलं. चेहरा उतरला. खातं गोठलं तर कारागिरांचे पगार, केसांची नवी खेप, सगळंच अडणार. ते पडद्यासमोर बसले आणि कागदावरचा पत्ता एका बोटानं, एकेक अक्षर ताडून पाहत टाइप केला. इतक्या सावकाश स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ओळख पटवण्यासाठी म्हणून मेलचा पासवर्ड मागितला गेला. त्यांनी तो दिला. 'आपला खुलासा मिळाला' असं उत्तर उमटलं, तेही छापून फाइलला लावलं.

पुढे काहीच झालं नाही. फक्त खोलीत कोणी नसताना, न वाचलेले म्हणून पडद्यावर ठळक दिसणारे मेल एकेक करून फिके व्हायचे. कोणीतरी लांब बसून ते निवांत वाचत होतं.

आज ताई परतल्या.

"तू नव्हतीस म्हणून कारखाना बंद नाही पडला," दादा म्हणाले. "कर खात्याचं लफडंसुद्धा मीच निस्तरलं."

"कुठलं लफडं?"

त्यांनी फाइल पुढे केली. ताईंनी पान दोनदा वाचलं.

"दादा, हे पाठवलं कोणी?"

"कर खात्यानं. आणखी कोण, तुझी सासू?"

"पण मेल कुठल्या पत्त्यावरून आलाय?"

"ते छापायला तूच नको म्हणालीस ना?"

ताईंनी पडद्यावर मूळ मेल उघडला. पाठवणाऱ्याच्या नावापुढे भलताच पत्ता होता, कर खात्याशी सुतराम संबंध नसलेला. त्यांनी लगेच कर सल्लागारांना फोन लावला.

"पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदला आणि बँकेला कळवा," ते म्हणाले. "सगळ्या गिऱ्हाइकांशीही बोला. मेलवर नको, फोनवर. आणि यापुढे असा दम देणारा मेल आला, की आधी मला विचारत चला. मेलमधल्या पत्त्यावर जायचंच नाही."

पासवर्ड बदलला. खात्यातले पैसे शाबूत असल्याचं बँकेनं सांगितलं.

"बघ, उगाच जीव खाल्लास माझा," दादा म्हणाले. "चहा घेऊ आधी. गिऱ्हाइकं काही पळून जात नाहीत."

आता दोघं मागच्या खोलीत आहेत. कपबश्यांचा आवाज येतोय. आणि माझी चाकं फिरू लागली आहेत. आमचा निम्मा माल उचलणाऱ्या रंगाच्या दुकानाकडून आलेलं पान आहे: 'आपल्या मेलप्रमाणे बँक खातं बदलल्याची नोंद घेतली. वर्षाची सगळी बाकी आज सकाळी नव्या खात्यावर जमा केली आहे.'

आमचं खातं कधीच बदललेलं नाही.

वाचकहो, मला खरं-खोटं कळत नाही, मी फक्त छापतो. ते कोणाकडून आलं, हे तुम्हीच विचारायचं असतं.

पान ट्रेमध्ये पालथं पडलं आहे. हाक मारायला मला आवाज नाही. कागद संपल्याचा लाल दिवा तेवढा लागला आहे. निदान कागद भरायला तरी कोणीतरी आत या.