तात्पुरतं

ऑफिसात मला मास्तर म्हणतात, कारण चूक कुणाचीही असो, शिकवणी मी घेतो. दवाखान्याचा डेटाबेस सर्व्हर माझ्या ताब्यात. रोज अकरा वाजले की तो बसायचा, केसपेपरच्या खिडकीपुढे रांग वाढायची आणि मी छातीठोकपणे रिपोर्टवाल्या ताईंकडे बोट दाखवायचो. त्यांचा मोठा रिपोर्ट त्याच वेळी चालायचा.

साहेबांनी त्यांना रिपोर्ट सकाळी सातला काढायला लावला. तीन आठवडे ताई उजाडता उजाडता येत होत्या. तरी अकराला सर्व्हर बसायचाच. मग मी भर मीटिंगमध्ये म्हणालो, "ताई गुपचूप पुन्हा चालवत असणार." त्यांची तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बदली करणारं पत्र तयार झालं. साहेब एवढंच म्हणाले, "सही करण्याआधी मला पुरावा दाखवा."

पुरावा म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. कोणता प्रोग्राम डिस्कवर किती वाचतो-लिहितो हे दाखवणारं एक छोटं टूल असतं. ते मी आधीच टाकायला हवं होतं. पण उत्तर मला माहीत होतं ना, मग बघायचं कशाला?

पावणेअकराला साहेब आणि ताई माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी कमांड दिली, पासवर्ड टाकला, टूल सुरू झालं. "आता बघा गंमत," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

अकरा वाजले. एक ओळ झटकन सगळ्यात वर आली. डिस्कचा जवळजवळ सगळा वेळ ती एकटीच खात होती. ताईंनी वाकून इंग्रजी अक्षरं जुळवत वाचलं, "ता-त्पु-र-तं. हे काय आहे?"

मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी एक डिस्क कुरकुरत होती, तेव्हा ती रोज पूर्ण वाचून तपासणारी स्क्रिप्ट मी लिहिली होती. अकराला तेव्हा गर्दी नसायची. काम दोन दिवसांचं, म्हणून हे नाव. डिस्क बदलली, स्क्रिप्ट मात्र तशीच रोज अकराला चालत राहिली.

साहेबांनी विचारलं, "म्हणजे हा ताईंचाच रिपोर्ट ना?"

'हो' म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. चुकीपेक्षा मला त्याचीच लाज जास्त वाटते.

"नाही," मी म्हणालो. "माझं आहे हे. ताईंचं काहीच नाही." आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.

साहेबांनी ताईंना उद्यापासून नेहमीच्या वेळी यायला सांगितलं आणि माझ्याकडे न बघता ते निघून गेले. मी ताईंकडे वळलो. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्या फोन लावत होत्या.

"आई, उद्यापासून सकाळी मी घरी आहे. हो, तुला अंघोळ मीच घालणार. शेजारच्या काकूंना सांग, आता नका येऊ म्हणून." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "अगं नाही, कुणी रागावलं नाही. तात्पुरतं होतं ते."