‘कट’ म्हटल्यानंतरचं

मी माईक बोलतोय. हसू नका. आम्ही जन्मभर दुसऱ्यांचं ऐकतो, त्यामुळे आम्हालाही काही सांगायचं असेल, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. पण नऊ वर्षं फिल्म शिकणाऱ्या पोरांच्या डोक्यावर लटकत काढली की कुणालाही बोलावंसं वाटेल.

लटकत म्हणजे खरोखर लटकत. लांब दांडीच्या टोकाला मला बांधतात आणि बोलणाऱ्याच्या डोक्यावर, कॅमेऱ्यात येणार नाही असं धरतात. मला डोळे नाहीत. कान मात्र असे की समोरच्याच्या पोटातली गुडगुडसुद्धा सुटत नाही. माझ्यात वीज असली की मी ऐकतो. ऐकलेलं टिपून ठेवायचं काम रेकॉर्डर नावाच्या डबीचं. ती डबी माझ्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला असते आणि तिला अक्कल नसते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एक बाई दिवसभर प्रत्येक नव्या माईकसमोर “एक, दोन, तीन” म्हणायच्या आणि पुढच्याला हात घालायच्या. चार म्हणायला त्यांना कधी सवडच मिळाली नाही. तिथून खोक्यात बसून मी या फिल्मच्या शाळेत आलो आणि स्टोअरच्या काकांच्या कपाटात पडलो. काका मला तपासायला चालू करतात आणि बंद करायला विसरतात, म्हणून कपाटातही माझे कान उघडे.

कपाटात पडून माणसांची परीक्षा छान होते. पोरं खिडकीशी येतात आणि एकच विचारतात, “काका, मोठी लेन्स आहे का?” लेन्सवर भांडणं होतात, रुसवे होतात. माझी चौकशी कोण करतो? काका बिचारे न मागता मला पिशवीत कोंबतात. “अरे, फिल्ममधली माणसं बोलणार आहेत ना?” असं विचारतात, तर पोरं म्हणतात, “ते नंतर बघू.” नंतर म्हणजे कधी, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि त्यांच्या फिल्मा! प्रत्येकाची पहिली फिल्म गजराच्या घड्याळाने सुरू होते. घड्याळ वाजतं, माणूस उठतो, आरशात बघतो, दात घासतो. दात इतका वेळ घासतो की एखाद्याची कवळी झिजेल. शेवटी एक तर तो मरतो, नाहीतर ते सगळं स्वप्न असतं. नऊ वर्षांत मी एकेचाळीस गजर ऐकलेत.

अशातच भिंगरी आली. एका जागी ठरत नाही म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. तिची आई दातांच्या दवाखान्यात काम करते. पेशंटना क्रमाने आत सोडायचं आणि घाबरलेल्यांना धीर द्यायचा, हे तिचं काम. फिल्म शिकायला भिंगरी घर सोडून वसतिगृहात राहायला आली, त्यासाठी आईने तिला एकच वर्ष दिलं होतं. वर्षात तीन छोट्या फिल्मा करायच्या. तिसरी पास झाली तर पुढचं वर्ष, नाहीतर मुकाट्याने मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं. मामाने तिच्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती.

पहिल्या फिल्मचं नाव ‘पोकळी’. तिचा मित्र लंबू त्यात सात मिनिटं खिडकीतून बाहेर बघतो. संवाद नाहीत, नुसता पियानो. मी पिशवीतच राहिलो, त्यामुळे माझी अब्रू वाचली. फिल्म दाखवून झाल्यावर सरांनी विचारलं, “हा बाहेर काय बघतोय?”

“तो स्वतःच्या आत बघतोय, सर.”

“मग खिडकी कशाला उघडलीस?”

हा प्रसंग लंबूनेच काकांना सांगितला, आणि सांगताना तो इतका हसला की मधे दोनदा थांबला.

सरांनी सांगितलं, माणसांना बोलू दे. झालं! दुसऱ्या फिल्ममध्ये तिची माणसं बोलायला लागली ती थांबेचनात. गावाला गेलेल्या आत्याच्या स्वयंपाकघरात एक तरुण आणि एक तरुणी काळ, मृत्यू आणि विश्व यांवर बोलत होती. फ्रिजची घरघर माझ्यात येत होती, म्हणून भिंगरीने फ्रिज बंद केला. एवढं एक शहाणपणाचं काम तिने केलं. मग सगळे खुशीत घरी गेले आणि फ्रिज पुन्हा चालू करायला विसरले. आत्या चार दिवसांनी परतली. तिने फोनवर जे काही सुनावलं ते भिंगरीने दुसऱ्या दिवशी वर्गात जसंच्या तसं करून दाखवलं. मी तिथे टेबलावर चालूच होतो. खरं सांगतो, त्या दोन मिनिटांत जीव होता. फिल्मच्या बारा मिनिटांत नव्हता. सर म्हणाले, “तुझी माणसं बोलत नाहीत, निबंध वाचतात.” भिंगरीला ते लागलं. पण उपाय म्हणून तिने काय केलं, तर पुढचा निबंध जास्त मेहनतीने लिहिला.

आता तिसरी फिल्म. मुलगी घर सोडून जाते, आई टेबलाशी बसून तिला निरोप देते. आईच्या भूमिकेत सख्खी आई. शूटिंग आईच्याच घरी; तिने त्यासाठी दवाखान्यातून शनिवारची रजा काढली होती. कॅमेऱ्यावर लंबू. आवाजासाठी मात्र कुणी मिळेना. वर्गात अकरा विद्यार्थी आणि अकराही दिग्दर्शक, मग दांडी धरणार कोण? शेवटी फरशी पुसायच्या काठीला मला बांधलं आणि दोन कपाटांवर ती काठी आडवी टाकली. रेकॉर्डर भिंगरीने स्वतःच्या कमरेला लटकवला.

त्या रेकॉर्डरला एकच लाल बटण. एकदा दाबलं की टिपणं सुरू, पुन्हा दाबलं की बंद. सुरू असलं की लाल दिवा लागतो. सकाळी तिने तपासायला म्हणून ते दाबलं आणि तेवढ्यात लंबू ओरडला की दिवा कपाटाच्या काचेत चमकतोय. तिने दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. दिवा झाकला, बटण तसंच राहिलं.

लक्षात आलं का तुमच्या? माझ्या आलं होतं. “ॲक्शन” म्हणताना ती बटण दाबायची, की टिपणं बंद. “कट” म्हणताना दाबायची, की टिपणं सुरू. दिवसभर हेच! हेडफोन लावले असते तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. पण दिग्दर्शकाने हेडफोन गळ्यात घालायचे असतात, अशी या पोरांची ठाम समजूत आहे. ते तिच्या गळ्यात नुसते खडखडत होते. आणि मी काठीवर आडवा पडून तडफडत होतो. ऐकणाऱ्याला तोंड नसावं, ही कुणाची अक्कल, देव जाणे.

आईला म्हणायचं वाक्य होतं, “जा, पण माझ्या मौनाचं ओझं तुझ्या पावलांना बांधून जा.”

आईने विचारलं, असं कोण बोलतं? भिंगरी म्हणाली, ती प्रतीकात्मक आई आहे. मग प्रतीकात्मक आई बोलायला बसली. तीनदा हसली, दोनदा ओझं विसरली, एकदा मौन विसरली. एकदा वाक्य बरोबर आलं, पण दवाखान्याच्या सवयीने पुढे म्हणाली, “घाबरू नका, दुखणार नाही.” असे चौदा टेक झाले.

नवव्या टेकनंतर शेजाऱ्याने भिंतीत भोकं पाडायला घेतली. “कट” म्हणून, बटण दाबून भिंगरीने रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि शेजाऱ्याला थांबवायला पळाली. लंबूने आईला पाणी दिलं आणि सहज विचारलं, काकू, फिल्म नापास झाली तर ती खरंच दुकानात बसणार का?

आई पाणी प्यायली. मग म्हणाली, “एक वर्ष म्हटलं, कारण मला वाटलं कंटाळून परत येईल. लहानपणी पोहणं आठ दिवसांत सोडलं, चित्रकला महिन्यात सोडली. हे पण सोडेल म्हटलं. आणि आता बघ, एका वाक्यासाठी सकाळपासून माझा जीव खातेय. ही काही परत यायची नाही रे. मला वाईट वाटतं, घर खायला उठतं. पण दुकानात नाही बसवणार मी तिला. तू बोलू नकोस हां इतक्यात. तिला कळलं तर काम टाकून गळ्यात पडेल, आणि मला परत रजा नाही मिळायची.”

तेवढ्यात भिंगरी धापा टाकत आली. लंबू खाकरला. आईने विचारलं, कुठपर्यंत आलो होतो आपण, मौनापर्यंत की ओझ्यापर्यंत?

रविवारी दुपारी भिंगरी वसतिगृहाच्या खोलीत ऐकायला बसली. मला बंद करायचं ती विसरली होती, म्हणून पुढचंही माझ्या कानावर पडलं. सोमवारी फिल्म द्यायची. चौदा टेक, आणि टिपलेला संवाद शून्य. प्रत्येक वेळी वाक्य सुरू व्हायच्या आत आवाज तुटायचा. ती रडली. साधं मुसमुसणं नव्हतं ते, टेबल हलत होतं. मामाच्या खुर्चीवर बसल्यासारखीच रडत होती.

ती रडत असताना डबी चालूच राहिली. खुर्ची सरकली, ग्लास ठेवला गेला, आणि आई बोलायला लागली. भिंगरी गप्प झाली. तिने ते पुन्हा लावलं, मग तिसऱ्यांदा. शेवटी तिने दवाखान्यात फोन लावला; शनिवारच्या रजेच्या बदल्यात आई रविवारी कामावर होती.

“आई, काल तू लंबूशी जे बोललीस ते टिपलं गेलंय.”

आई म्हणाली, “सगळं?”

“सगळं. माझं वाक्य एकही नाही आलं. तुझं सगळं आलंय.” मग तिने विचारलं, “मी ते फिल्ममध्ये लावू का? तू नको म्हटलंस तर नाही लावणार. मग जे होईल ते होईल.”

दवाखान्यात कुणी तरी कण्हत होतं, बहुतेक दाढ असावी. आई त्याला म्हणाली, दोनच मिनिटं हं. मग फोनवर म्हणाली, “लाव. पण मामाला आधी मला फोन करू दे. फिल्म बघून कळलं तर जन्मभर ऐकवेल.”

फिल्म झाली. पडद्यावर आई टेबलाशी बसली होती, ओठ मिटून, आणि वरून तिचाच आवाज येत होता. हे मला लंबूने काकांना सांगितलं त्यावरून कळलं. सरांनी विचारलं, असं बोलणं लिहायला कुठे शिकलीस? इतर दहा दिग्दर्शक असते तर त्यांनी या प्रश्नावर व्याख्यान दिलं असतं. भिंगरी म्हणाली, “लिहिलं नाही सर. चुकून आलं. बटण उलटं दाबलं होतं.”

“मग पास,” सर म्हणाले. “आता पुढच्या वर्षी मुद्दाम करून दाखव.”

माझं म्हणाल तर आता वय झालंय. कानात खरखर येते, अंगावर चिकटपट्ट्या आहेत, आणि या वर्षअखेर मला भंगारात काढणार असं काका कुणाला तरी सांगत होते. त्याचं दुःख नाही. पोरांनो, तुमच्यासमोर हात जोडायला मला हात नाहीत, पण एवढं ऐका. तुम्हाला जगाला काय सांगायचंय ते नंतर सांगा. आधी शेजारचा माणूस काय बोलतोय ते जरा ऐका. तो बहुतेक तुमच्यापेक्षा बरं बोलत असतो.

गेल्या आठवड्यात भिंगरी खिडकीशी आली आणि तिने लेन्स मागितलीच नाही, नुसतं मला घेतलं. घरी नेऊन टेबलावर ठेवलं, हेडफोन कानाला लावले आणि आईला दवाखान्यातल्या पेशंटबद्दल विचारत बसली. आई तासभर बोलली. मोठमोठे पहिलवान सुई बघून कसे रडतात ते सांगितलं, दोघी हसल्या. मग आई बोलता बोलता थांबली. म्हणाली, “तुला एक सांगायचं होतं. तू गेल्यापासून मी…” आणि पुन्हा थांबली.

मी कान टवकारले. एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, फिल्मला हवं असतं ते अशाच जागी येतं. भिंगरीलाही ते कळलं असणारच. आता ती काही पहिल्या वर्षाची नव्हती.

तिने कानावरचे हेडफोन काढले, हात पुढे केला आणि मला बंद केलं. पुढे आई काय म्हणाली, ते मला माहीत नाही.