साहेबांचा पाय आणि गल्लीतला दिवा

रस्त्यावरच्या दिव्यांचं खातं सांभाळणाऱ्या साहेबांच्या टेबलावर वरून एक नवी पाटी आली: 'मी जनतेचा सेवक'. साहेबांनी ती पुसून येणाऱ्यांकडे तोंड करून ठेवली. स्वतः वाचायची गरज त्यांना वाटली नाही.

पहिल्याच आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. त्यांच्या गल्लीतला दिवा कधीचा बंद होता. अंधारात त्या दोनदा धडपडल्या होत्या आणि अर्ज देऊन देऊन थकल्या होत्या.

"प्रकरण विचाराधीन आहे," साहेब म्हणाले.

मावशींनी चष्मा लावून पाटी वाचली. "हे तुमच्याबद्दलच लिहिलंय ना?"

"हो... म्हणजे, तसंच."

"मग दिवा लागेपर्यंत संध्याकाळी मला घरी सोडत जा. दुकान बंद केलं की हाक मारते. ऑफिस वाटेतच आहे."

मागे उभे असलेले लोक हसले. साहेबही हसले आणि हसण्याच्या भरात 'हो' म्हणून बसले.

मावशी खरंच आल्या. टाळावं तर शिपायापासून कारकुनापर्यंत सगळे कान टवकारून बसलेले. साहेब मुकाट्याने टॉर्च घेऊन निघाले. वाटेत त्यांनी खात्याच्या अडचणी सांगायला घेतल्या. माणसं अपुरी, शिडीची गाडी नादुरुस्त, तरी पाठपुरावा चालूच आहे. बोलताना टॉर्चचा उजेड हातवाऱ्यांबरोबर भलतीकडेच फिरत होता.

"जपून हं, पुढे गटार—" मावशी म्हणेपर्यंत साहेबांचा पाय त्यात गेला होता. घोट्याचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी चक्रं फिरली. नादुरुस्त गाडी धावत आली, दिवा लागला, गटारावर झाकणसुद्धा बसलं.

मावशी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "मी दोनदा पडले, कुणाला पत्ता नाही. तुम्ही एकदाच पडलात आणि सगळं मार्गी लागलं. असा माणूस बघितला नाही!"

हे कौतुक आहे हे साहेबांना कळत होतं, तरी ते कुठेतरी टोचलंच. बायको सफरचंद कापत म्हणाली, "अहो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लोकांच्या कामी आलात."

पुढे साहेब काठी टेकत ऑफिसात रुजू झाले. खुर्चीत बसतात न बसतात तोच पलीकडच्या गल्लीतली मंडळी हात जोडून हजर. त्यांच्याकडेही अंधारच होता.

"अर्ज आणलाय?" साहेबांनी विचारलं.

"अर्ज कशाला, साहेब?" त्यांच्यातला न्हावी अदबीने म्हणाला. "संध्याकाळी आमच्या गल्लीतून नुसती एक चक्कर मारा की!"